एका सीटची गाडी आणि काळूराम

माझं कामाचं सगळं आयुष्य लॉऱ्यांच्या खाली गेलं. शहापुरात आग्रा रोडला लागून एक गॅरेज होतं, तिथे मी पन्नास सालाच्या सुमारास लागलो आणि पुढे हेड मिस्त्री झालो. नाशिककडून येणाऱ्या गाड्या कसारा घाट उतरताना ब्रेक तापवून यायच्या. मुरबाडकडून लाकूड आणि कोळसा भरलेल्या लॉऱ्या यायच्या, त्यांचे कमानपाटे तुटलेले असायचे. तुटलेलं जोडायचं, झिजलेलं बदलायचं, गाडी पुन्हा रस्त्याला लावायची, हा आमचा धंदा. पण त्या वर्षांत माझ्या हातून एक गाडी अशी झाली की तिला रस्त्यावर चालवायची परवानगीच नव्हती. तिच्यामुळे मला एक ड्रायव्हर जवळून बघायला मिळाला. लिहायचं आहे ते त्याच्याबद्दल.

गाडी कॅप्टन गुप्त्यांची. दुसऱ्या महायुद्धात ते लष्कराच्या मोटार वर्कशॉपमध्ये होते. लढाई संपल्यावर काही महिने त्यांची तुकडी इटलीत अडकून पडली. तिथे त्यांनी मोटारींच्या शर्यती पाहिल्या आणि ते वेड घेऊनच ते परत आले. जॅक घसरून त्यांचा डावा घोटा कायमचा अधू झाला होता, त्यामुळे क्लच जोरात दाबता येत नसे. आसनगाव स्टेशनापासून थोडं आत त्यांनी जमीन घेतली, कोंबड्या पाळल्या आणि खुराड्यांच्या शेजारी पत्र्याच्या शेडमध्ये शर्यतीची मोटार बांधायला काढली. मालकांना सांगून मला त्यांनी दर रविवारी मागून घेतलं.

ज्यांनी अशी मोटार पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिच्यात एकच माणूस बसतो, तोही मधोमध. चाकं अंगाबाहेर उघडी असतात. मडगार्ड नाही, दिवे नाहीत, छप्पर नाही. आम्ही एका चक्काचूर झालेल्या लहान विलायती मोटारीचं इंजिन घेतलं, कल्याणच्या लष्करी भंगारातून नळ्या आणल्या, त्यांचा सांगाडा जोडला आणि वरून ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकला. लहान इंजिनांच्या वर्गात ती पळवायची होती. परदेशात नवी पोरं याच वर्गात सुरुवात करतात आणि चांगली निघाली तर मोठ्या गाड्यांवर जातात, असं कॅप्टनसाहेब सांगायचे. तयार झाल्यावर ती लांबट, अरुंद आणि वरून उघडी दिसू लागली. गुरांना पाणी पाजायची लाकडी डोण असते ना, अगदी तशी. गडीमाणसं तिला डोण म्हणू लागली. पुढे साहेबही तेच म्हणू लागले.

तिच्या बातमीने लोक यायचे. किन्हवलीचे एक गृहस्थ मुलाच्या वरातीला डोण भाड्याने मागायला आले होते. मी म्हटलं, "काका, हिच्यात एकच जण बसतो. नवरी कुठे बसणार?"

त्यांनी डोणीभोवती एक फेरी मारली, विचार केला आणि म्हणाले, "ती चालंल मागून. घर काय लांब नाय."

साहेबांनी हात जोडून नकार दिला. गृहस्थ जरा नाराज होऊनच गेले.

चालवायला पहिला आला तो अरविंद. साहेबांच्या एका मित्राचा मुलगा, वडील मुंबईत मोटारविक्रेते. कल्याणच्या पुढे मलंगगडाच्या बाजूला लढाईच्या वेळची विमानांची धावपट्टी ओसाड पडली होती. डोण लॉरीवर घालून तिथे न्यायची, रिकामे ड्रम मांडून वळणं करायची आणि सराव करायचा. अरविंद धीट होता, वेगाने जायचा, पण दर खेपेला गिअरबॉक्समधून दात तुटून पडायचे. रविवारी त्याने तोडायचं आणि आठवडाभर संध्याकाळी मी जोडायचं, असं एक वर्ष चाललं. मग एकदा डोण ड्रमावर आपटली, अरविंदच्या खांद्याचं हाड मोडलं आणि त्याच्या आईने हा विषय घरात बंद केला. तो पुढे वडिलांच्या शोरूममध्ये बसला. भेटला की अजून खांदा चोळून दाखवतो.

त्यानंतर डोण बरेच महिने ताडपत्रीखाली होती. एके दिवशी दुपारी साहेब काही सामान न्यायला गॅरेजवर आले होते. आम्ही बोलत असताना मुरबाडकडच्या रस्त्याने एक कोळशाची लॉरी उतारावरून येत होती. साहेब बोलता बोलता थांबले आणि ऐकू लागले. मीही ऐकलं. ड्रायव्हर गिअर उतरवत होता, वरून खाली, एकेक, आणि दातावर दात घासल्याचा आवाज एकदाही आला नाही.

हे कौतुकाचं का, ते सांगायला हवं. त्या काळच्या लॉऱ्यांत गिअर आपोआप जुळत नसत. क्लच दाबून गिअर काढायचा, क्लच सोडून इंजिनाला थोडा वेग द्यायचा, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर घालायचा. वेग कमी-जास्त झाला की करकर आवाज होणार. आमच्या डोणीचाही गिअरबॉक्स तसलाच होता. अरविंद तिथेच हरला होता.

लॉरी आमच्याच दारात थांबली. तिच्या एका चाकाचे नट ढिले होते. खाली उतरला तो पंचवीसेक वर्षांचा, अंगाने बारीक, कोळशाने काळवंडलेला काळूराम. मुरबाडच्या पुढचा, सरळगावकडचा. जंगलाच्या ठेकेदाराची लॉरी चालवायचा. पावसाळ्यात जंगलाचं काम बंद, तेव्हा घरी भाताची शेती.

साहेबांनी त्याला विचारलं, "गाडी चालवायला कुणी शिकवलं तुला?"

"कोनी नाय साहेब. क्लीनर होतो. आवाज ऐकून ऐकून शिकलो."

"एक निराळी गाडी आहे माझ्याकडे. चालवून बघशील?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. "बघतो की," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी धावपट्टीवर काळूराम डोणीत बसला. पहिल्याच वळणावर डोण गर्रकन फिरली आणि उलट तोंड करून थांबली. तो खाली उतरला, मागची चाकं बघितली आणि म्हणाला, "मागं वजन नाय, मिस्त्री. माल नसला तर गाडी सांगत नाय ती काय करनार हाय."

साहेब त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. डाव्या पायाला त्रास व्हायचा तरी बसले. त्यांनी काडीने धुळीत वळण काढून दाखवलं. ब्रेक सरळ असतानाच लावून घे. वळताना ब्रेकवर पाय नको. वळणाच्या आतल्या बाजूला एक ठिकाण असतं, तिथे पोचलास की हळूहळू वेग दे, म्हणजे मागची चाकं जमीन धरतील. लॉरीत जे वजन माल देतो ते इथे तुझा उजवा पाय देईल. काळूरामने दोनदा ते वळण बोटाने गिरवलं आणि पुन्हा गाडीत बसला. संध्याकाळपर्यंत त्याची फेरी अरविंदच्या सगळ्यांत चांगल्या वेळेपेक्षा लवकर होऊ लागली. साहेबांच्या हातात स्टॉपवॉच होतं. त्यांनी ते मला दाखवलं, पण काळूरामला दाखवलं नाही.

त्या हिवाळ्यात मुंबईजवळच्या एका जुन्या विमानतळावर हौशी मंडळींच्या शर्यती झाल्या. काळूराम लहान वर्गात चौथा आला. पुढच्या खेपेला दुसरा. त्याला एक कप मिळाला. सरळगावात तो देवळीत ठेवला आणि त्याच्या आईने त्यात हळद भरून ठेवली. ठेकेदाराला रविवारची सुट्टी मागणं त्याला जड जाऊ लागलं होतं. ठेकेदार म्हणायचा, तुझं लक्ष गाडीत नाही. त्यात खोटं काही नव्हतं.

मग एका रविवारी सरावाला त्याची बायको आली. जनी तिचं नाव. मुरबाडहून एसटीने कल्याणला आली, तिथून एका बैलगाडीवाल्याने तिला धावपट्टीपर्यंत सोडलं. कडेवर दीडेक वर्षांची मुलगी, हातात भाकरीचं फडकं. ती ड्रमांपासून लांब एका सावलीत बसली आणि सगळा सराव तिने बघितला. डोण थांबल्यावर आम्ही जेवायला बसलो. साहेबांनी तिला विचारलं, "कसं वाटलं?"

"चांगलं चालवतात," ती म्हणाली. "पन जातात कुठं? फिरून फिरून हितंच येतात."

काळूराम ओशाळला. "तू गप बस गो," तो म्हणाला. साहेब मात्र हसले नाहीत. बहुतेक त्यांना कळलं होतं की ही काही विचारायला आलेली आहे.

जनीने मुलीला मांडीवर घेतलं आणि विचारलं, "साहेब, एसटीत ड्रायव्हर घेतात म्हनं. ठाण्याला परीक्षा हाय. आमचे बाबा सांगतात, अर्ज कर. हे म्हनतात, आता नको, साहेबांची शर्यत हाय. मी नको म्हनायला आले नाय. मला फक्त सांगा, याचं पुढं काय हाय? शर्यत जिंकली, मंग काय? त्याच्या पुढं काय?"

मी इतकी वर्षं डोणीचं काम केलं, पण हा प्रश्न मी विचारला नव्हता. काळूरामनेही विचारला नव्हता. कदाचित उत्तराची भीती असेल. साहेब म्हणाले, "मला खरं माहीत नाही. मी मुंबईला जातो, विचारतो आणि सांगतो."

ते खरंच गेले. कोंबड्या गड्यावर सोपवून मुंबईत राहिले. शर्यती भरवणाऱ्यांना भेटले, टायरच्या आणि तेलाच्या कंपन्यांत गेले, परदेशी जाऊन आलेल्या एक-दोघांना गाठलं. परत आल्यावर त्यांनी काळूराम आणि जनी दोघांनाही आसनगावला बोलावून घेतलं. मी शेडमध्ये डोणीचे व्हॉल्व्ह घासत होतो, मलाही जवळ बसवलं.

"सरळ सांगतो," साहेब म्हणाले. "आपल्याकडे वर्षाला दोन-तीन शर्यती होतात. जिंकणाऱ्याला कप मिळतो. कंपनी टायर देते, ते गाडीच्या मालकाला. इथे जे शर्यतीत धावतात त्यांची गाडी स्वतःची आहे आणि पोट दुसऱ्या धंद्यावर आहे. पगार घेऊन शर्यतीत गाडी पळवणारा ड्रायव्हर या देशात मला एकही सापडला नाही."

"आनी बाहेर?" काळूरामने विचारलं.

"बाहेर आहे. तिथे लहान गाडीवरून मधल्या गाडीवर, मधल्यावरून मोठ्या गाडीवर असा जिना आहे. मोठ्या गाडीवर गेलास की कंपनी पैसे देते. पण तिथे जाऊन आधी वर्षभर स्वतःच्या खर्चाने राहायला लागतं. आणि त्यासाठी लागणारा परदेशी पैसा सरकार शर्यतीसाठी देत नाही. मी विचारलं. कचेरीतले लोक हसले."

बाहेर कोंबड्यांचा कलकलाट चालू होता.

"मी आहे तोवर डोण तुझी," साहेब म्हणाले. "तुला इथेच कामाला ठेवतो."

"तुमी हायत तवर," जनी हळूच म्हणाली. "तुमचे उपकार हायत. पन नंतर?"

साहेबांनी मान हलवली. "बाई बरोबर बोलते, काळूराम. अर्ज कर."

त्याने अर्ज केला. परीक्षेची तारीख आली ती नेमकी शर्यतीच्या आदल्या दिवसाची, शनिवारची. शनिवारी प्रत्येकाच्या फेरीला लागणारा वेळ मोजतात आणि त्यावरून रविवारी कोण पुढे उभा राहणार, कोण मागे, ते ठरतं. शनिवारी जो धावला नाही त्याला सर्वांत मागे उभं करतात. तेही परवानगी मिळाली तर. साहेबांनी परवानगी मिळवली.

शनिवारी तो ठाण्याला गेला. वाळूची पोती भरलेली बस त्याला चढावर थांबवून पुन्हा उचलायला लावली, मग अरुंद जागेत मागे घ्यायला लावली. संध्याकाळी तो विमानतळावर आम्ही मुक्काम केला होता तिथे आला. मी विचारलं, काय झालं?

"इन्स्पेक्टर म्हनाले, मुद्दाम इतका संथ चालवतोस काय? मी म्हटलं, पोती सांडतील म्हनून. ते म्हनाले, पुढच्या महिन्यापासून ये."

"मग आनंद नाही झाला?"

"झाला की," तो म्हणाला आणि डोणीच्या टायरांतली हवा बघायला गेला.

रविवारी तो सर्वांत मागून सुटला. मी बऱ्याच शर्यती पाहिल्या, पण तशी पुन्हा पाहिली नाही. कडेला पेंढ्याचे भारे रचले होते आणि गाड्या त्यांना घासून जात होत्या. काळूराम घाई करत नव्हता. प्रत्येक वळणाला समोरचा जरा जास्त वेळ ब्रेक धरी आणि तेवढ्यात हा आतून निघून जाई. निम्मी शर्यत झाली तेव्हा पुढे चारजण उरले. मग तीन. मग एकच, मुंबईच्या एका धनिकाची बाहेरून आणलेली हिरवी गाडी. तिचं इंजिन डोणीहून सरस होतं, सरळ पट्टीवर ती पुढे जायची आणि वळणांवर काळूराम तिला पुन्हा गाठायचा. साहेब काठी टेकून उभे होते. स्टॉपवॉच त्यांनी माझ्याकडे दिलं.

शेवटच्या फेरीच्या शेवटच्या वळणावर हिरवी गाडी जराशी बाहेर गेली. आत जागा झाली. मला ती दिसली, साहेबांना दिसली. काळूरामची डोण त्या जागेच्या तोंडाशी आली, क्षणभर तिथे राहिली आणि मागे सरली. तो दुसरा आला.

डोण थांबल्यावर मी विचारलं, "आत का गेला नाहीस?"

"जागा नव्हती, मिस्त्री. अर्ध्या चाकाची होती."

साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. परतताना आसनगावच्या वाटेवर मला म्हणाले, "काल ती नोकरी मिळाली नसती, तर घुसला असता." मला तेव्हा तसं वाटलं नाही. आता कधी वाटतं, कधी नाही. काळूरामला मी पुन्हा कधी विचारलं नाही. गाडीत तो होता, आम्ही कडेला होतो.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली. हिरव्या गाडीचा मालक हातमोजे काढत आमच्याकडे आला. माणूस दिलदार होता. त्याने काळूरामचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "मी आयुष्यात असा पाठलाग अनुभवला नाही. माझ्याकडे येशील का? चांगला पगार देतो."

काळूरामचा चेहरा एकदम बदलला. त्याने साहेबांकडे बघितलं. साहेबही पुढे झाले. त्यांनी विचारलं, "शर्यतीसाठी?"

"नाही नाही," तो गृहस्थ म्हणाला. "शर्यतीत गाडी मी स्वतः पळवतो. घरच्या गाडीसाठी. मिसेसना बाजारात न्यायचं, मुलांना शाळेत सोडायचं. इतका सांभाळून चालवणारा मिळत नाही हो कुठे."

काळूराम अगदी आदराने म्हणाला, "नको साहेब. मला गाडी मिळाली हाय. पन्नास मानसं बसतात तिच्यात."

पुढच्या महिन्यात तो एसटीवर रुजू झाला. काही दिवसांनी त्याला मुरबाडकडची गाडी मिळाली, मुरबाड-कल्याण. रविवारी सुट्टी मिळायची नाही, कारण रविवारी बाजार, लग्नं, गर्दी. शर्यतीत तो पुन्हा उतरला नाही. त्याच्या बसमध्ये मी अनेकदा बसलो. म्हाताऱ्या बाया उभ्या असल्या तरी कधी कुणाचा तोल गेला नाही. बायका मुद्दाम त्याची गाडी धरायच्या. कुणाला बाळंतपणाला कल्याणला न्यायचं असलं की लोक विचारायचे, काळूरामची गाडी कितीला आहे?

साहेबांनी आणखी एक-दोघांना डोणीत बसवून बघितलं. मुंबईची पोरं यायची, वर्ष-सहा महिने रमायची, मग कुणी धंद्यात, कुणी परदेशी शिकायला. परदेशी गेलेल्यांतही कुणी शर्यतीसाठी गेलं नाही. मग चीनची लढाई झाली, बाहेरचे सुटे भाग मिळेनासे झाले आणि साहेबांचा घोटाही फार दुखू लागला. त्यांनी डोण मद्रासकडच्या एका तरुणाला विकली.

तिला आसनगाव स्टेशनावरून रेल्वेने पाठवायची होती. शेडपासून मालधक्क्यापर्यंत, परवानगी नसली तरी तेवढ्यापुरती, ती चालवत कुणी न्यायची? साहेबांनी मुरबाडला निरोप धाडला. काळूराम दुपारची फेरी सुटायच्या आधी खाकी कपड्यांवरच आला. डोणीत बसला. शेडपासून स्टेशनापर्यंतचा रस्ता त्या वेळी मोकळा असायचा आणि मध्ये एक चांगला सरळ टप्पा होता. साहेब आणि मी मागून जीपने येत होतो. साहेब म्हणाले, "आता बघ, इथे एकदा शेवटचं दाबेल." पण डोण बैलगाडीच्या चालीने गेली, मालधक्क्यापर्यंत तशीच.

मद्रासचा तरुण तिथे वाट बघत होता. वीस-एकवीस वर्षांचा, चष्मा, हातात नवीन हातमोजे. त्याला मराठी येत नव्हतं, काळूरामला इंग्रजी येत नव्हतं. मध्ये साहेब. काळूराम चाकाजवळ उकिडवा बसला आणि सांगू लागला. ब्रेक डावीकडे थोडा आधी धरतो, तो जमेस धर. तिसऱ्यातून दुसऱ्यात घालताना इंजिनाला इतकाच वेग दे, जास्त नको. ओल्या पट्टीवर मागची हवा जरा कमी ठेव. समोरच्याला आतून कधी गाठायचं आणि कधी गाठायचं नाही, हेही सांगितलं. त्याचं साहेबांनी दोनदा भाषांतर केलं. त्यांपैकी निम्म्या गोष्टी त्याने आम्हालाही कधी सांगितल्या नव्हत्या. पोरगा सगळं मन लावून ऐकत होता.

डोण डब्यात चढवली, दोरखंड बांधले. साहेब स्टेशनमास्तरांकडे गेले. काळूराम कल्याणला जाणाऱ्या गाडीची वाट बघत फलाटावर उभा होता, तिथून त्याला बसवर जायचं होतं. मी म्हटलं, "इतकी वर्षं हे सगळं स्वतःपाशी ठेवलंस. त्या अनोळखी पोराला एका दमात देऊन टाकलंस?"

काळूरामने टोपी नीट केली.

"मंग काय करू, मिस्त्री?" तो म्हणाला. "एसटीत वापरू?"